उत्तर आधी, सूत्र नंतर

आदरणीय सर,

मी अकरावी सायन्सला आहे. गाव पाटण तालुक्यात, कॉलेज कराडला. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि विज्ञानात मार्कही चांगले पडायचे. आता फिजिक्सची गणितं अजिबात जमत नाहीत. वर्गात सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं, घरी वही उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. सूत्रं सगळी पाठ आहेत, पण कोणतं कुठे लावायचं तेच समजत नाही. परवाचंच एक साधं गणित सांगते. विहिरीत दगड सोडला, २ सेकंदांनी पाण्यात पडल्याचा आवाज आला, तर पाणी किती खाली आहे? माझं उत्तर ३९.२ मीटर आलं, पुस्तकात मागे १९.६ दिलंय. मैत्रिणीची वही बघितल्यावर कळलं की सूत्रातला अर्धा राहिला होता. भूगोल घेतलाय, तिथे निदान पाठांतरावर निभावेल असं वाटलं होतं, तर तिथेही भूकंपाचं केंद्र काढायची गणितं! शेवटी गणिताचा मोबाइलवर फोटो काढते आणि उत्तर आलं की उतरवते. घरात सायन्स घेतलेलं कोणी नाही. मी आर्ट्सला जावं का?

– एक विद्यार्थिनी, ता. पाटण

आर्ट्सला जायचं तर इतिहास आवडतो, अर्थशास्त्र वाचावंसं वाटतं म्हणून जा. दगड विहिरीत पडला म्हणून जाऊ नकोस. तो निर्णय थोडे दिवस बाजूला ठेव आणि आधी त्या विहिरीकडेच परत ये, कारण तुझी अडचण नेमकी काय आहे ते त्या एका गणितात पुरतं दिसतंय.

‘अर्धा राहिला’ हे बरोबर आहे, पण त्यावर खूण करून पुढे गेलीस तर उद्या दुसऱ्या कुठल्या सूत्रातला वर्ग राहील, परवा उणे चिन्ह राहील. मला वेगळंच विचारायचंय. ३९.२ हे उत्तर आलं तेव्हा, मागचं पान न उघडता आणि मैत्रिणीची वही न बघता, हे चुकलंय असं तुला कळू शकलं असतं का?

कळलं असतं. दगड हातातून सुटला तेव्हा त्याचा वेग शून्य. दर सेकंदाला त्यात ९.८ ची भर पडते. म्हणजे २ सेकंदांनी, पाण्याला टेकताना, वेग झाला सेकंदाला १९.६ मीटर. त्याच्या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत मोठा वेग, आणि तोही अगदी शेवटच्या क्षणापुरता. आता समज, एवढा वेग त्याला पहिल्यापासूनच असता, तर २ सेकंदांत तो १९.६ दुणे ३९.२ मीटर गेला असता. हे तर तुझंच उत्तर! तुझ्या वहीतला दगड हातातून सुटतानाच पूर्ण वेगात होता. खऱ्या दगडाला तेवढं अंतर कापणं शक्यच नाही. त्याचा वेग शून्यापासून एकसारखा चढत १९.६ वर गेला, म्हणजे सरासरी ९.८. सरासरी वेगाने २ सेकंद, म्हणून १९.६ मीटर. गणित संपलं आणि सूत्राला हातही लागला नाही. तू जो अर्धा विसरलीस, तो शून्य आणि शेवटचा वेग यांची सरासरी काढताना भागिले दोन करतो ना, त्यातून आलेला आहे. हे एकदा दिसलं की ‘एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी स्क्वेअर’ घोकावं लागत नाही.

आणखी सोपी चाळणीही होती. ३९ मीटर म्हणजे जवळजवळ तेरा मजले. तुमच्या वाडीतली कुठली विहीर तेरा मजली इमारत गिळेल?

जाता जाता, पुस्तकाचं १९.६ हेही काटेकोर पाहिलं तर खरं नाही. प्रश्नात आवाज ऐकू आल्याची वेळ दिलीय, आणि आवाज वर यायलाही वेळ लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एवढ्या विहिरीतून वर यायला सेकंदाचे पाच-सहा शतांश. तो वेळ वजा केला तर पाणी साडेअठरा मीटरच्या आसपास निघतं. पुस्तकाने मीटरभराची चूक जाणूनबुजून पोटात घातली. पाया शिकवायच्या गणितात ते चालतं. पण आपण काय सोडून दिलं आणि त्याने किती फरक पडला असता, हे माहीत असलेला विद्यार्थी पुढच्या प्रकरणांना घाबरत नाही. हवेचा अवरोध सोडणं, दोरी वजनरहित धरणं, पृथ्वी अगदी गोल मानणं, हा सगळा त्याच जातीचा व्यवहार आहे.

आता ‘कोणतं सूत्र कुठे लावायचं’ याबद्दल. नववी-दहावीत तुला एक पद्धत शिकवली गेली: दिलेले लिहा, काढायचे लिहा, सूत्र लिहा, किमती घाला. उत्तरपत्रिकेत मांडणीला मार्क असतात, म्हणून ती मांडणी सोडू नकोस. पण तेव्हा एका प्रकरणात सूत्रं असायची दोन-तीन. दिलेली अक्षरं ज्या सूत्रात दिसतील ते उचललं की काम भागायचं. अकरावीत एकेका प्रकरणात डझनभर सूत्रं येतात, त्यातल्या निम्म्यांत तीच ती अक्षरं, आणि तुझी जुनी शोधाशोध तिथे कोलमडते. यात तुझी बुद्धी कमी पडलेली नाही. पद्धतच तोकडी होती.

पहिली ओळ सुचत नाही म्हणतेस, कारण पहिली ओळ सूत्राची असली पाहिजे असं तू धरून बसलीयस. पहिली ओळ मराठीत लिही: काय घडलं. ‘दगड सोडला, तो वेग वाढवत पडला, २ सेकंद लागले.’ दुसऱ्या ओळीत अंदाज: उत्तर साधारण किती यावं, निदान कशापेक्षा कमी आणि कशापेक्षा जास्त. ३९ पेक्षा कमी, हे विहिरीचं आत्ताच निघालं. एवढं लिहून झालं की सूत्राची निवड बहुतेक वेळा आपोआप होते, कारण वेग बदलतोय की स्थिर आहे, बल आहे की नाही, काही टिकून राहतंय का, हे तू सांगून मोकळी झालेली असतेस.

इंग्रजी प्रश्नाची एक गोम आहे. त्यातली अर्धी माहिती आकड्यांत नसते. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ आलं की सुरुवातीचा वेग शून्य मिळाला. ‘स्मूथ’ म्हटलं की घर्षण शून्य धरायचं. ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ म्हटलं की त्वरण शून्य, आणि त्यामुळे एकूण बलही शून्य. हे तर मोठं घबाड असतं आणि निम्मा वर्ग त्यावरून डोळे फिरवून पुढे जातो. ‘नियरली’, ‘अबाउट’ आलं की दशांशाच्या तीन-तीन घरांपर्यंत जायची गरज नाही. असे शब्द पेन्सिलीने गोल करत जा. महिन्याभरात त्यांची नजर बसते, माध्यम बदलल्याचा त्रास निम्मा होतो.

अंदाजाची सवय लागायला एक गणित घे. कुंभार्ली घाट तुझ्या ओळखीचा असेल. कोयनानगरकडून चिपळूणला जाताना घाटातून गाडी ताशी ३० किलोमीटरने उतरली, परत येताना ताशी २० ने चढली. जाऊन-येऊन सरासरी वेग किती? हात आपसूक २५ लिहायला जातो. थांब. चढताना वेग कमी म्हणून वेळ जास्त गेला, म्हणजे गाडी जास्त काळ २० नेच चालली. सरासरी २५ पेक्षा खालीच यायला हवी. आता घाट १२ किलोमीटरचा धरून कर: उतरायला २४ मिनिटं, चढायला ३६, मिळून तासाभरात २४ किलोमीटर. उत्तर २४. बारा सोडून दुसरा कुठलाही आकडा धरलास तरी २४ च येईल. सीईटीत अशा प्रश्नाला २५ हा पर्याय हमखास पेरलेला असतो, आणि ‘२५ पेक्षा कमी’ एवढा अंदाज केलेल्या मुलीचा तो सापळा तिथेच मोडतो. हे गणित घरात गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारून बघ. सायन्स घेतलेलं नसलं तरी ‘चढाला वेळ खातो’ हे ते आधी सांगतील.

एककांचा विषय कंटाळवाणा आहे, मला मान्य आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढं डोक्यात ठेवलंस तरी गतीच्या प्रकरणातली अर्धी भीती जाते: ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०. पण एककं काय कामाची आहेत ते पुस्तकातल्या रूपांतरांच्या तक्त्यावरून कोणालाच पटत नाही. त्यापेक्षा तुझ्याच तालुक्यातलं एक गणित करू, भूगोल आणि फिजिक्स दोन्हींचं.

जुलै-ऑगस्टमध्ये रोज पेपरात येतं: कोयनानगर इतके मिलिमीटर, नवजा इतके, महाबळेश्वर इतके, आणि धरणात इतके टीएमसी पाणी. कोयना धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी. पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या मुलखावर पडलेलं पाणी उतरून धरणात येतं तो मुलूख, साधारण ९०० चौरस किलोमीटर. तर रिकामं धरण भरायला पाऊस किती हवा?

आधी अंदाज. शे-दोनशे मिलिमीटरने धरण भरत नाही, ते तर नवजाला एका दिवसात पडतात आणि धरण एका दिवसात भरत नाही. दहा हजारही नको, तेवढा पडतच नाही. म्हणजे उत्तर हजारांत, पण दहा हजारांच्या आत. आता एककं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आणि ते होतात साधारण २.८३ कोटी घनमीटर. १०५ टीएमसीचे झाले सुमारे २९७ कोटी घनमीटर. एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर, म्हणून ९०० चे ९० कोटी चौरस मीटर. पाण्याच्या आकारमानाला क्षेत्राने भागलं की उंची मिळते: २९७ भागिले ९०, म्हणजे ३.३ मीटर. ३,३०० मिलिमीटर!

इथे खरी गंमत सुरू होते. महाबळेश्वर-नवजाच्या पट्ट्यात चांगल्या वर्षी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो. म्हणजे आपलं उत्तर जमिनीवर पाय ठेवून आहे, आणि धरण बहुतेक पावसाळ्यांत का भरतं तेही त्याच उत्तराने सांगितलं. पण पडलेलं सगळं पाणी धरणात येत नाही; काही मुरतं, काहीची वाफ होते. शिवाय धरण जूनमध्ये कोरडं नसतं आणि वीज करायला पाणी सतत सुटत असतं. यातली प्रत्येक गोष्ट उत्तर कोणत्या बाजूला ढकलते, वर की खाली, ते तू स्वतः ठरव. भूगोलाचे सर तोंडी परीक्षेत हेच विचारतात. आणि घरी शेती असेल तर हे लक्षात ठेव: एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. गुंठा म्हणजे शंभरएक चौरस मीटर, तेव्हा मिलिमीटरला गुंठ्यामागे शंभर लिटर. हे घरात सांगून बघ, लगेच पटेल.

भूकंपाच्या गणिताला तू सगळ्यात जास्त घाबरलेली दिसतेस. तुझ्या घरच्या मोठ्यांनी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाबद्दल सांगितलं असेलच, त्यामुळे भूकंप म्हणजे काय हे मी तुला समजावणं शोभणार नाही. गणितापुरतं एवढंच: भूकंप झाला की दोन प्रकारच्या लहरी एकाच वेळी निघतात. प्राथमिक लहरी पुढे पळतात, कवचाच्या वरच्या भागात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. दुय्यम लहरी मागे राहतात, सेकंदाला साधारण ३.५. भूकंपमापकावर आधी पहिली नोंद उमटते, मग दुसरी. या दोन नोंदींत १० सेकंदांचं अंतर असेल, तर भूकंप किती लांब झाला?

पाटणच्या स्टँडवरून दोघं एकाच वेळी कराडला निघाले, एक मोटारसायकलवर, एक सायकलवर. जितकं लांब जातील तितका सायकलवाला जास्त मागे पडेल. कराडला दोघांच्या पोहोचण्यातला फरक कळला आणि दोघांचे वेग माहीत असले, की अंतर निघतं. हे गणित तू सातवी-आठवीत आगगाड्यांचं म्हणून सोडवलेलं आहेस, आता फक्त आगगाड्यांच्या जागी लहरी आल्या.

एका किलोमीटरला प्राथमिक लहरीला लागतात १ भागिले ६, म्हणजे ०.१६७ सेकंद. दुय्यमला १ भागिले ३.५, म्हणजे ०.२८६. दर किलोमीटरमागे दुय्यम ०.११९ सेकंदांनी मागे पडते. एकूण मागे पडली १० सेकंद, तर अंतर १० भागिले ०.११९, म्हणजे ८४ किलोमीटर. यातूनच तोंडी हिशेब मिळतो: नोंदींतल्या फरकाच्या प्रत्येक सेकंदाला ८ किलोमीटरच्या थोडं वर. परीक्षेत पुढची सगळी आकडेमोड करण्याआधी हा तोंडी हिशेब समासात लिहून ठेव. १० सेकंदांच्या फरकाला कोणाचं उत्तर ८४० आलं तर दशांशचिन्ह घसरलं हे तिथल्या तिथे दिसेल. मात्र ही आठाची पट आपण धरलेल्या वेगांची आहे. प्रश्नात वेग वेगळे दिले असतील किंवा भूकंप हजारो किलोमीटर लांबचा असेल तर ती चालणार नाही, कारण खोलवर गेल्यावर लहरींचे वेग वाढतात.

एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. म्हणून ८४ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, आणि अशी तीन ठिकाणची वर्तुळं जिथे मिळतील तिथे भूकंपाचं केंद्र. प्रॅक्टिकलच्या वहीत तिन्ही वर्तुळं कधीच एका टिंबात मिळत नाहीत, एक छोटा त्रिकोण उरतो. मुलं मग कंपास थोडा सरकवून टिंब ‘जमवतात’. तू जमवू नकोस. तो त्रिकोण म्हणजे मोजमापातली अनिश्चितता आहे आणि तशी एक ओळ खाली लिहिलीस तर कुठल्याही जाणत्या परीक्षकाला आवडेल.

त्रिकोण उरण्याचं एक कारण तुमच्या भागासाठी फार महत्त्वाचं आहे. आपण काढलेलं अंतर नकाशावरचं नसतं, खडकातून तिरकं मोजलेलं असतं, कारण भूकंप जमिनीखाली होतो. ८४ किलोमीटरला त्याने फारसं बिघडत नाही. पण कोयना परिसरातले धक्के जवळचे असतात. फरक एकाच सेकंदाचा असेल तर तिरकं अंतर ८.४ किलोमीटर, भूकंप ६ किलोमीटर खोल झाला असेल तर पायथागोरस लावून नकाशावरचं अंतर उरतं फक्त ५.९. केंद्र शेजारच्या वाडीत की दोन गावं पलीकडे, इतका तो फरक आहे.

तीव्रतेच्या आकड्यांबद्दल एकच सांगतो, कारण त्यात हुशार मुलंही फसतात. ६ चा भूकंप ४ च्या दीडपट नसतो. या मापनात एक अंक वाढला की नोंदीवरचं कंपन दहापट होतं आणि ऊर्जा साधारण ३२ पट. दोन अंकांना कंपन शंभरपट, ऊर्जा हजारपट. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत झालेला भूकंप सहाच्या थोडा वरचा होता. तुमच्याकडे अधूनमधून तीन-चारचे धक्के येतात, भांडी वाजतात आणि लोक परत झोपतात. दोन्हींतलं अंतर समजायला बेरीज-वजाबाकी कामाची नाही, गुणाकार हवा.

एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल की भूगोलातली गणितं म्हणजे फिजिक्सचीच, फक्त आकडे ढोबळ आणि वस्तू अवाढव्य. अवाढव्य आकड्यांची तुला भीती वाटणार, शिवाय बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरायचं. तिथे कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे लॉगचा पूर्णांक भाग, एका अंकाने चुकलं की उत्तर थेट दहापट किंवा दहाव्या हिश्श्याचं होतं. अंदाजाची ओळ तिथे मार्क वाचवते. गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणातलं नेहमीचं गणित घे, पृथ्वीचं वस्तुमान. जी (गुरुत्वत्वरण, तेच ९.८) गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले कॅपिटल जी (गुरुत्वस्थिरांक, ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात). आधी फक्त घात बघ: त्रिज्या ६.४ गुणिले १० चा ६ वा घात, वर्गात १२ वा, आणि खालचा उणे ११ वर येऊन २३ वा. उरलेले आकडे: ६.४ चा वर्ग ४१, त्याला ९.८ ने गुणून ४०० च्या आसपास, भागिले ६.६७, म्हणजे ६०. उत्तर ६ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम. लॉग टेबल उघडायच्या आधीच उत्तर हातात आलं. टेबल फक्त त्यावर इस्त्री फिरवतं.

पण तिथे थांबू नकोस. या वस्तुमानाला पृथ्वीच्या आकारमानाने भागून घनता काढ. ती घनमीटरला साधारण साडेपाच हजार किलो येते, पाण्याच्या साडेपाचपट. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये प्रयोगशाळेत शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून जवळपास हाच आकडा काढला होता. आता सह्याद्रीचा काळा पाषाण बघ, त्याची घनता २,९०० च्या आसपास. वरचा खडक २,९०० आणि सरासरी ५,५००, तर आत काय असलं पाहिजे? बरंच जड काहीतरी. ‘पृथ्वीच्या गाभ्यात लोह व निकेल आहे’ हे भूगोलाचं वाक्य तू पाठ केलंयस. त्याच्यामागचा पहिला पुरावा फिजिक्सच्या वहीत पडून होता.

राहिली मोबाइलची गोष्ट. फोटो काढू नकोस असं मी सांगितलं तरी तू काढणारच, म्हणून कसा काढायचा ते सांगतो. त्या उत्तरांचा मोठा दोष असा की ती सूत्रापासून सुरू होतात. जो विचार तुला यायला हवा, तो त्या पहिल्या ओळीच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि तो पडद्यावर दिसत नाही. वर्गात फळ्यावरचं कळतं आणि घरी सुचत नाही, याचंही कारण तेच. वळणावर कुठल्या रस्त्याने जायचं ते सरांनी आधीच ठरवलेलं असतं, तुला वळण दिसतच नाही. तेव्हा फोटोच्या आधी वहीत तुझ्या दोन ओळी असल्या पाहिजेत, काय घडलं आणि अंदाज किती. मग पंधरा मिनिटं झगड. अडलीस तर उघड, पण पहिली ओळ बघून लगेच बंद कर आणि पुढे स्वतः जा. पूर्ण बघावंच लागलं तर त्याच गणितावर खूण कर आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, काही न बघता, पुन्हा सोडव. जे दुसऱ्या दिवशी सुटलं तेच तुझं. संख्या कमी होईल, होऊ दे. रोज दहा गणितं उतरवण्यापेक्षा तीन सोडवलेली कधीही बरी. सबमिशनच्या आदल्या रात्री हे जमणार नाही, तेव्हा उतरव आणि झोप. जर्नल पूर्ण करणं हा निराळा उद्योग आहे.

मैत्रिणीची वहीही बंद करू नकोस, फक्त वापर बदल. तिला ‘उत्तर काय आलं’ विचारायच्या ऐवजी ‘तू हे कशावरून सुरू केलंस’ असं विचार. वर्गात सरांनाही तेच विचारता येतं: ‘सर, इथे ऊर्जेचं का घेतलं, बलाचं का नाही?’ सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गात हात वर करायला धीर लागतो, पण हा प्रश्न कोणत्याच शिक्षकाला बिनडोक वाटत नाही. उलट पुढच्या वेळी ते आपण होऊन कारण सांगायला लागतात.

एक गणित तुझ्यासाठी ठेवतो, पुस्तकातलं नाही. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी तुमच्याच भागात, गोठणे इथे, ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलेलं आहे. त्या संशोधनाची प्रयोगशाळा कराडला आहे. वरचा सव्वाएक किलोमीटर बसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, गेला, मग ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. बसाल्टची घनता २,९०० आणि खालच्या खडकाची २,७०० धर. तळाशी खडकावर वरच्या खडकाचा दाब किती, आणि तो हवेच्या दाबाच्या कितीपट? आणखी एक उपप्रश्न: बसाल्ट न मोजता सगळीकडे २,७०० च धरलं असतं तर उत्तरात शेकडा किती फरक पडला असता? दोन्हींचं उत्तर पाठव. आकडेमोडीच्या आधी लिहिलेला अंदाजही त्याच कागदावर असू दे, आणि तो चुकला असेल तर खोडू नकोस.